बालबाजार उठल्यावर काय? शाळा आणि गावचे व्यवसाय यांची सांगड

मांजराकाठ (धागाकर्ता, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, लातूर जिल्हा)

डिसेंबरात आमच्या शाळेत नेहमीप्रमाणे बालबाजार भरला. पटांगणात चुन्याच्या रेघा आखून गाळे पाडले होते, सरपंचांनी फीत कापली, आणि दोन तासांत मेथी, कोथिंबीर, वांगी, भेळ, बोरे असे सगळे संपले. बाजार उठल्यावर मी सातवीच्या मुलांना प्रत्येकाचा नफा फळ्यावर लिहायला सांगितला. एका मुलीने मेथीच्या ३२ जुड्या दहा रुपयांना एक या भावाने विकल्या होत्या. तिने लिहिले, “नफा ३२० रुपये”. मी विचारले, “आणि खर्च?” ती म्हणाली, “खर्च कुठला सर, घरचीच व्हती की मेथी.”

त्या उत्तराने मला बरेच दिवस अस्वस्थ केले, आणि हा धागा त्यातूनच काढतो आहे. बालबाजार वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. मुले बोलायला लागतात, सुटे पैसे मोजतात, गिऱ्हाईक वळवतात, हे मी पाहिले आहे. परंतु भांडवल घरचे, माल घरचा, गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचेच पालक, आणि उरलेला माल शेवटी गुरुजींनी विकत घ्यायचा, अशा व्यवस्थेत जोखीम कोणाचीच नसते. जिथे कोणी तोट्यातच जाऊ शकत नाही, तिथे मुले विक्री शिकत असतील, व्यवसाय शिकत नाहीत.

कल्पनांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. कार्यानुभव हा विषय आपण सर्वांनी शिकला आणि शिकवला. त्यात खडूच्या डब्या, पणत्या आणि कागदी फुले झाली. स्काउट-गाईडची ‘खरी कमाई’, म्हणजे मुलांनी छोटी कामे करून पैसे मिळवणे, अजूनही आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयात मुले आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चार अंगांची प्रत्यक्ष कामे करतात, शिकवणारा निदेशकही शक्यतो गावातलाच कारागीर असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे पाठवावे असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणजे वेळ आहे, कागदावरची मान्यता आहे, आणि माणसे तर आहेतच. माझ्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत एक डाळमिल, दोन वेल्डिंगची दुकाने, एक दूध संकलन केंद्र, एक रोपवाटिका, एक शेतकरी उत्पादक कंपनी, बँकेची एक शाखा आणि बचत गटांचा ग्रामसंघ आहे. यांपैकी एकाही ठिकाणचे कोणी गेल्या सहा वर्षांत शाळेच्या वर्गात आलेले नाही. आले ते पंधरा ऑगस्टला, खाऊ वाटायला. दोष त्यांचा नाही. आम्ही त्यांना देणगीसाठी बोलावतो, शिकवण्यासाठी बोलावत नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की हे काम एकेका शाळेने न करता शाळांच्या केंद्राने, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाने, करावे. एका केंद्रातील सगळ्या शाळांनी मिळून परिसरातील व्यावसायिकांची एक वही ठेवावी : कोण, काय करतो, कोणत्या महिन्यात मोकळा असतो, किती मुले घेऊ शकतो, कोणती शाळा कधी जाऊन आली आणि मुलांनी काय विचारले. आपल्यापैकी कोणी असे काही केले आहे का? अडचणी कुठे आल्या? कृपया अनुभव लिहावेत, शुभेच्छा नकोत.

दुधनाकाठ (निवृत्त केंद्रप्रमुख, परभणी जिल्हा)

गुरुजी, शुभेच्छा नकोत म्हणालात म्हणून थेट अडचणच लिहितो. वही कोणाकडे राहणार, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे घोडे तिथेच पेंड खाते.

माझ्या सेवेत असे तीन उपक्रम येऊन गेले. प्रत्येकाची सुरुवात एका उत्साही शिक्षकाने केली, त्याने आपल्या ओळखीने दोन-चार माणसे जोडली, आणि बदलीबरोबर तो ओळखीही घेऊन गेला. नव्या गुरुजींना त्या वेल्डरचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. आपण ज्याला जाळे म्हणतो ते बहुतेक वेळा एका माणसाच्या मोबाईलमधील पंधरा क्रमांक असतात.

बाहेरचा एक दाखला देतो, कारण तो नेमका याच प्रश्नावरचा आहे. इंग्लंडमध्ये हॉवर्ड डेव्हिस यांच्या २००२ च्या अहवालाने उद्यम शिक्षणाचे तीन भाग सांगितले : उपक्रमशीलता, अर्थसाक्षरता आणि व्यवसाय-अर्थव्यवहाराची समज. २००५ पासून तेथे चौदा ते सोळा वयाच्या विद्यार्थ्यांना असे शिक्षण पाच दिवसांइतके मिळावे म्हणून सरकारने स्वतंत्र निधी दिला. पुढे २०१५ च्या सुमारास त्यांनी आणखी एक व्यवस्था उभी केली, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. स्थानिक उद्योगातील एक अनुभवी व्यक्ती स्वेच्छेने एका शाळेशी जोडून देतात, आणि अशा सुमारे वीस शाळांमागे एक पगारी समन्वयक असतो. उद्योजक स्वेच्छेने येतो, पण त्याला फोन करणारा माणूस मात्र पगारावर असतो. आपण नेमके उलटे करतो. उद्योजकाच्या पाहुणचारावर खर्च करतो आणि फोन करण्याचे काम वर्गशिक्षकाच्या डोक्यावर टाकतो.

आपल्याकडे वेगळे पद निर्माण होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून माझी सूचना : वही केंद्रशाळेच्या दप्तरात ठेवावी, शिक्षकाच्या पिशवीत नको. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटे याच विषयासाठी राखावीत, आणि त्या दिवशी व्यावसायिकांपैकी एकाने येऊन बसावे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात. त्यांतील एकाकडे, शक्यतो मुक्काम न हलणाऱ्या दुकानदाराकडे, वहीची दुसरी प्रत द्यावी. शिक्षकाची बदली होते, किराणा दुकानाची होत नाही.

आणखी एक. उपक्रमाचा फोटो आणि अहवाल ‘वर’ पाठवण्याची सक्ती झाली की उपक्रम फोटोपुरता उरतो. मी स्वतः असे अहवाल गोळा करून पुढे पाठवलेले आहेत, तेव्हा हे टीका म्हणून न वाचता कबुली म्हणून वाचावे.

वाळूजकर (लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

माझा वाळूज औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना आहे. दुचाकींसाठी लागणारे सुटे भाग करून पुरवतो. शाळांच्या भेटींबद्दल उद्योगाच्या बाजूने चार शब्द.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेचे पत्र आले आणि दुसऱ्या दिवशी ६० मुले दारात उभी. आत प्रेस चालू, जमिनीवर तेल, आणि मुलांच्या पायांत चपला. मी अर्ध्या तासात सगळ्यांना रांगेने फिरवून, बिस्किटे देऊन परत पाठवले. मुलांना काय कळले असेल? आवाज फार असतो, एवढेच. तो दिवस माझाही वाया गेला आणि त्यांचाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आता मी शाळेत जातो आणि सोबत दोन वस्तू नेतो, एक चांगला भाग आणि एक नापास झालेला. दोन्ही मुलांच्या हातात देऊन विचारतो, यातला कोणता गिऱ्हाईक परत पाठवेल? मुले पाच मिनिटे उलटसुलट बघतात, नखाने कड तपासतात. मग फळ्यावर त्या एका भागाची किंमत मांडतो : पत्रा, वीज, मजुरी, डायची (साच्याची) झीज, वाहतूक, आणि नापास मालाचा वाटा. शंभरात चार नापास झाले तर नफ्याचे काय होते, हे आठवीची मुले स्वतः काढतात. मग निवडक दहा जणांना, बूट घालून, सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद असताना कारखान्यात बोलावतो. त्या वेळी त्यांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. एकाने विचारले, “माल नेल्यावर कंपनी पैसे कधी देते?” मी म्हणालो, तू सगळ्यांत अवघड प्रश्न विचारलास. माल देणे आणि पैसे हातात पडणे यांच्यामध्ये किती दिवस जातात आणि तोवर पगार कुठून करायचे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही, आणि छोटे कारखाने बंद पडतात ते बहुधा याच कारणाने.

शाळांना विनंती अशी की पत्र एक महिना आधी द्यावे, मार्चअखेर टाळावी, आणि एका वेळी बारापेक्षा अधिक मुले आणू नयेत. आमच्याकडे मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालयही याच शहरात आहे. एकेका कारखानदाराचे दार ठोठावण्यापेक्षा संघटनेमार्फत गेल्यास इच्छुक माणसे लवकर सापडतात. मात्र ही सोय शहराजवळच्या शाळांची. मांजरा-तेरणा खोऱ्यातील शाळेला वाळूज फार दूर आहे, हे मला मान्य आहे.

एक पालक (लातूर)

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा. आमच्या लातुरात मूल आठवीत गेले की घरात नीट आणि जेईईशिवाय दुसरा शब्द नसतो, आणि त्याला कारण आहे. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घराला पोरगा डॉक्टर होणे किंवा पोलीस भरतीत लागणे हाच सुटकेचा मार्ग दिसतो. सोयाबीनचा भाव पडला की काय होते हे आमच्या मुलांना शाळेने शिकवण्याची गरज नाही, ते घरात रोज जेवणाबरोबर ऐकतात. जोखीम त्यांनी जन्मापासून पाहिली आहे. आता शाळेनेही त्यांना जोखमीचेच धडे द्यायचे का?

दुसरे म्हणजे, स्थानिक कारागिरांकडे मुलांना पाठवायचे म्हणताना कोणाच्या मुलाला कुठे पाठवणार? कुंभाराच्या मुलाला चाकावर आणि चांभाराच्या मुलाला रापीकडे पाठवले, तर ते शिक्षण म्हणायचे की जुन्या बलुतेदारीत परत ढकलणे म्हणायचे? ज्या भागात डॉ. आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, तिथे हा प्रश्न विचारायलाच हवा.

मांजराकाठ (धागाकर्ता)

दादा, राग कशाचा. आपले दोन्ही मुद्दे माझ्या मूळ लिखाणात यायला हवे होते.

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. नेमणुका चिठ्ठ्या टाकून कराव्यात आणि कोणीही स्वतःच्या घरच्या व्यवसायात जाऊ नये, असा नियमच करावा. पाटलांच्या मुलाने चपलेच्या दुकानात बसून एका जोडाला किती वेळ लागतो आणि किती सुटतात हे लिहून आणावे. चर्मकार कुटुंबातील मुलीने बँकेत जाऊन कर्जाचा अर्ज कसा तपासतात ते पाहावे. त्याबरोबर दुसरी रेघही ठळक ओढायला हवी. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे कायद्याने बंद आहे, आणि मुले तिथे मजुरी करायला जात नसून प्रश्न विचारायला जातात, हे व्यावसायिकाला पहिल्या भेटीतच सांगितले पाहिजे. एका ठिकाणी मुलांना पोती उचलायला लावल्याचे मी पाहिले आहे. ती भेट मी तिथेच थांबवली, आणि आपल्या वहीत ते नाव नको.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. मुलांनी जोखीम पाहिली आहे हे खरे. परंतु ती त्यांनी नशीब म्हणून पाहिली आहे, हिशेब म्हणून पाहिलेली नाही. आडतीची पट्टी, म्हणजे मालविक्रीची पावती, घरी येते, ती खिळ्याला अडकवली जाते. तीवर हमाली किती, तोलाई किती, आडत किती कापली, हे घरातील शिकलेल्या मुलालाही वाचता येत नाही. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला ती पट्टी वाचता आली, तर त्याचा एक गुणही कमी होणार नाही. दहा दिवस म्हणजे वर्षातले दहा दिवस, तेवढीच माझी मागणी आहे.

पैशांबद्दलही लिहितो, कारण मला खासगी संदेशात दोघांनी विचारले. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकतेच्या मानसिकतेचा अभ्यासक्रम आला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल देण्याची योजना निघाली. त्यातील एक गोष्ट मला पटते : पैसा घरचा नसला की मुलांना तो जपावासा वाटतो. पण दोन हजार आपल्या सातवीला नकोत. गटाला दोनशे रुपये, परतफेडीच्या बोलीवर, एवढे पुरे, आणि ते बचत गटासारखे फिरते ठेवावेत.

बालाघाट (बचत गटांची समूह संसाधन व्यक्ती, भूम परिसर, धाराशिव जिल्हा)

गुरुजींनी बचत गटाचे नाव काढले म्हणून लिहिते. तुम्ही सगळे शाळेकडून गावाकडे पाहत आहात, मी गावाकडून शाळेकडे पाहते. आमच्या प्रभागात हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या बाया बहुतेक दहावी-बारावी झालेल्या आहेत. आठवड्याची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, थकबाकी हे सगळे त्या तोंडपाठ सांगतात. त्यांचीच मुले शाळेत ‘सरळव्याज’ या धड्याला घाबरतात. माय घरी जे रोज करते तेच पुस्तकात आहे, हे मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. गेल्या वर्षी एका शाळेने आमच्या लेखापाल ताईंना गणिताच्या तासाला बोलावले. ताई आधी येईनात, म्हणाल्या, “मी काय शिकवणार, मी फक्त वही लिहिते.” शेवटी वही घेऊनच गेल्या, आणि आपल्याच गटाचे खरे आकडे, नावे झाकून, फळ्यावर मांडले. तास संपल्यावर मुले उठेनात.

दुसरा अनुभव खव्याचा. आमच्या भागाचा खवा प्रसिद्ध आहे, कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आम्ही आठ मुलांना एका भट्टीवर नेले. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा : दहा लिटर म्हशीच्या दुधाचा खवा किती होईल? कोणी आठ किलो लिहिले, कोणी सहा. भट्टीवरच्या मावशी काहीच बोलल्या नाहीत. कढईत उलथणे फिरत राहिले, दूध आटत आटत कडेला साय धरू लागले, मुलांना धूर लागून दोघे बाहेर जाऊन आले, आणि शेवटी जो गोळा काट्यावर ठेवला तो दोन किलोच्या आसपास भरला. एक मुलगा म्हणाला, “बाकीचं दूध कुठं गेलं?” मावशी म्हणाल्या, “धुरात गेलं बाळा, आन् सरपन बी गेलं.” मग त्यांनी दुधाचे पैसे, सरपणाचे पैसे आणि आपला दिवस असे तिन्ही बोटांवर मोजून दाखवले. पेढेवाल्याने एक दिवस उचल केली नाही तर खवा कुठे ठेवायचा, शीतगृहाचे भाडे कोण देणार, हा पुढचा अर्धा तास.

तक्रार एवढीच की मावशींची त्या दिवशी एक खेप कमी निघाली, त्याची भरपाई कोणीच दिली नाही. कारखानदाराला एक दिवस परवडत असेल, भट्टीवालीला परवडत नाही. वहीत एक रकाना ‘मानधन’ असाही हवा, आणि तो रिकामा राहू नये.

शिवाय वेळापत्रक. दिवाळीनंतर ऊसतोडीला गावेच्या गावे जातात, बीडकडे तर अधिकच. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले वगळता बरीच मुले आईवडिलांबरोबर जातात. तुमचे दहा दिवस डिसेंबर-जानेवारीत ठेवले तर ज्यांना सर्वांत जास्त उपयोग, तीच मुले नसतील. जुलै-ऑगस्टमध्ये ठेवा.

दुधनाकाठ

ताईंचा मानधनाचा मुद्दा माझ्या तीस वर्षांच्या सेवेत एकदाही माझ्या मनात आला नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. गटाच्या फिरत्या निधीतून ते देता येणार नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून किंवा समितीच्या ठरावाने माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एका खेपेची किंमत निघणे अवघड नसावे. गुरुजी, वहीचे रकाने आपण इथेच टाकावेत, म्हणजे आमच्या जुन्या केंद्रातही तीच वही वापरता येईल. आणि त्या मेथीवाल्या मुलीचे पुढे काय झाले?

मांजराकाठ (धागाकर्ता)

रकाने असे ठरवले आहेत : व्यावसायिकाचे काम, मोकळे महिने, एका वेळी किती मुले, भेटीची तारीख, मुलांनी विचारलेले तीन प्रश्न, न मिळालेली उत्तरे, दिलेले मानधन, पुढची भेट कोण ठरवणार. ‘न मिळालेली उत्तरे’ हा रकाना वाळूजकरांच्या त्या मुलामुळे घातला आहे. पहिली प्रत केंद्रशाळेत, दुसरी बसस्थानकासमोरच्या किराणा दुकानात. दुकानदार समितीचे सदस्य आहेत आणि त्यांनी होकार दिला आहे. दहा दिवस जुलैअखेर ठेवण्याचे शिक्षण परिषदेत मांडणार आहे.

मेथीचा हिशेब आम्ही पुन्हा केला. तिने घरी विचारून आकडे आणले : बी ६० रुपये, खत आणि फवारणी ४०, वडिलांच्या गाडीचे पेट्रोल ३०. बेरीज करून ती म्हणाली, नफा १९० रुपये. मी विचारले, जुड्या कोणी खुडल्या आणि बांधल्या? “मायनं.” किती वेळ? “सकाळपासून दुपारपत्तूर.” गावात बायकांची अर्ध्या दिवसाची मजुरी १५० रुपये आहे, हे तिला माहीत होते. ती बराच वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिने विचारले, “सर, मायची मजुरी खर्चात लिव्हायची का नफ्यात?”

वर्गात यावर दोन तट पडले आणि तास संपला तरी मिटले नाहीत. मी उत्तर सांगितले नाही. शनिवारी ग्रामसंघाच्या लेखापाल ताई सातवीच्या वर्गावर येणार आहेत, पहिला प्रश्न तोच ठेवला आहे.